कागदावरचा गणपती

आम्हाला ऑगमेंटेड रिॲलिटी शिकवायला जे सर होते त्यांना ती येत नव्हती. पहिल्याच तासाला मला हे कळलं आणि पुढं वर्षभर त्यांनी मला एकदाही खोटं पाडलं नाही. जालन्याच्या आमच्या डिझाइन कॉलेजात त्यांना पुण्याहून आणलं होतं, म्हणून भारी मान. गळ्यात हेडफोन, हातात कॉफीचा मग आणि तोंडात एकच शब्द, इमर्सिव्ह. रंग इमर्सिव्ह, अक्षर इमर्सिव्ह, एकदा तर कॅन्टीनचा समोसाही इमर्सिव्ह झाला. पोरं माना हलवायची. मी अंबडहून एसटीत उभ्यानं येऊन हे ऐकायला बसायचे, त्यामुळं माझी मान काही हलायची नाही.

तर ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे काय ते मीच सांगते, सरांवर सोडलं तर आज उरकणार नाही. फोनचा कॅमेरा एखाद्या चित्रावर धरायचा. फोन ते चित्र ओळखतो आणि स्क्रीनवर त्या खऱ्या चित्राच्या डोक्यावर एक खोटी वस्तू उभी करतो. फोन फिरवला की ती मागून दिसते, पुढून दिसते, जशी काही टेबलावरच ठेवलीय. फोन बाजूला घेतला की टेबल रिकामं. झालं. एवढ्यासाठी सरांनी ढीगभर स्लाइड केल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या स्लाइडवर काळे चष्मे घातलेली परदेशी माणसं हवेत बोटं नाचवत होती.

पहिल्या प्रात्यक्षिकाला सरांनी लॅमिनेट केलेला कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर फोन धरला. एक लाल ठोकळा उभा राहणार होता. राहिला नाही. सरांनी फोन वर नेला, खाली आणला, शर्टाला पुसला. मग म्हणाले, "इकडचं नेटवर्कच तसं आहे." जालन्यात येऊन ज्याचं काही अडतं तो सगळ्यात आधी जालन्यालाच नावं ठेवतो. नेटवर्कचा काही संबंध नव्हता. वरची ट्यूबलाइट लॅमिनेशनवर चमकत होती आणि फोनला चित्राच्या जागी नुसता पांढरा पट्टा दिसत होता. मी उठून कागद खिडकीपाशी नेऊन ठेवला. ठोकळा लगेच उभा राहिला. सर वर्गाकडं वळून म्हणाले, "बघा, आलं नेटवर्क."

मी जागेवर जाऊन बसले. इंटर्नल मार्क त्यांच्या हातात होते.

घरी येताना मी काकांच्या छापखान्यात थांबले आणि हा ठोकळ्याचा किस्सा त्यांना हसवायला म्हणून सांगितला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. अंबडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा छापखाना, एक जुनी मिनी ऑफसेट मशीन, एक कटिंग मशीन आणि भिंतभर लग्नपत्रिकांचे नमुने. तालुक्यातली निम्मी लग्नं आपण लावली असं काका सांगायचे, भटजी आणि मंगलाष्टकं नंतरची. मला काका आवडायचे. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे.

त्यांची डिझाइनची समज म्हणजे सांगायची सोय नाही. कोरी जागा दिसली की त्यांना ती चोरी झाल्यासारखी वाटायची. तिथं मोर, इथं कलश, मध्ये गुलाब, आणि जे काही आहे त्याला सोनेरी कडा. एका पत्रिकेत पाच प्रकारची अक्षरं आणि खाली नावांचा बाजार: निमंत्रक, व्यवस्थापक, आपले नम्र, समस्त मित्रमंडळ, आणि शेवटी पिल्लांची टोपणनावं घालून 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. मी हे कॉलेजात दाखवलं असतं तर मला वर्गाबाहेर काढलं असतं.

पण आता तो बाजारही उठायला लागला होता. लोक मोबाईलवर पत्रिका पाठवून मोकळे होत होते. त्यात पाकळ्या पडतात, सनई वाजते, नवरानवरीचे फोटो गरगर फिरतात आणि शेवटी येतं, हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. समजावे म्हणजे काय? चपला घालून कुणाच्या दारी जायचा आळस, आणि वर आग्रह. चुलतभाऊ पुण्यात कंपनीत होता. तो दर रविवारी फोन करून एकच लावून धरायचा, बाबा, मशीन भंगारात काढा, गाळा मोबाईल ॲक्सेसरीजवाल्याला भाड्यानं द्या, घरी आराम करा. आराम म्हणजे कॉटवर पडून मोबाईल बघणं. काकांना ते मरणाहून वाईट वाटायचं. त्यांनी लेकाकडून एक मुदत मागून घेतली होती. "ही एक लग्नसराई बघू दे. काम आलं तर मशीन राहील, न्हाई तर दिवाळीच्या आत गाळा देऊन टाकतो."

ठोकळ्याचा किस्सा ऐकून काका हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मंग तो ठोकळा कागदाबिगर उभा न्हाई राहत?"

"नाही. फोनला आधी कागद दिसावा लागतो."

"मंग ठोकळ्याच्या जागी गणपती उभा कर की. पत्रिकेवर."

म्हणजे ज्याला सरांनी भविष्य म्हणून डोक्यावर घेतलं होतं त्याचा उपयोग काकांना एका वाक्यात सुचला. मला थोडा रागच आला. मी फायनल प्रोजेक्टला काहीतरी थोर करायचं ठरवलेलं, म्युझियम वगैरे. अंबडात म्युझियम नाही ही अडचण होतीच म्हणा.

मग मी गणपतीच्या मागं लागले. कागदावर छापायचा पहिला काढला तो एका रेषेत, सोंडेपासून पोटापर्यंत एकच वळण. सरांनी वाहवा केली. क्लीन आहे म्हणाले, मिनिमल आहे म्हणाले. मी तो ऑगमेंटेड रिॲलिटीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. ते सॉफ्टवेअर चित्राला तारे देतं, फोनला ते किती ओळखू येईल त्याचे. माझ्या मिनिमल गणपतीला एकही तारा मिळाला नाही. फोनला डौल कळत नाही, त्याला गिचमिड कळते. कोपरे पाहिजेत, ठिपके पाहिजेत, काळ्याला लागून पांढरं पाहिजे. तीन वर्षं कॉलेजनं मला जे जे पुसायला शिकवलं होतं ते सगळं त्या यंत्राला परत हवं होतं.

मग मी भोवती पैठणीचा काठ घातला. मोरामागं मोर. त्यानं वेगळीच गंमत केली. सगळे मोर सारखेच, त्यामुळं फोनला कळेना की आपण काठाच्या कुठल्या टोकाला आहोत. गणपती या मोरावरून त्या मोरावर टुणकन उडी मारायला लागला. काका म्हणाले, "देवाला असं नाचवू नको बाई, पाप लागंल." मी म्हटलं पाप सॉफ्टवेअरला लागेल. वर्गातल्या बाकीच्यांचं बरं चाललं होतं. ते नेटवरून तयार बूट उतरवून घ्यायचे आणि टेबलावर उभे करायचे. बूट फिरतोय, बुटाला टाळ्या. एकीनं डोनट फिरवला. तिनं आयुष्यात डोनट खाल्ला नव्हता, मी विचारलं होतं.

शेवटी जमला तो गणपती मी सोडून सगळ्यांना आवडला. मुकुटावर खडे, सोंडेवर नक्षी, अंगावर ठिपक्यांचं दागिन्यांचं जाळं, मागं पानंफुलं, आणि यातलं काहीही दोनदा सारखं नाही. पाचपैकी पाच तारे. हुबेहूब काकांच्या भिंतीवरच्या पत्रिकांसारखा दिसत होता. एकाच गोष्टीवर मी अडून बसले. सोनेरी फॉइल नाही. चमक आली की फोन आंधळा होतो, हे मी कॉलेजात बघितलं होतं. काकांचा चेहरा पडला. "सोनेरी न्हाई तर पत्रिका कसली? दहाव्याची वाटंल." त्यांना खरोखर वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं. त्यांच्या धंद्यात त्यांनी माझं ऐकण्याची ती पहिलीच वेळ होती आणि मला ते फार आवडलं.

गिऱ्हाईकही मिळालं. धान्याच्या मोंढ्याजवळ बी-बियाण्यांचं दुकान असलेले एक शेठ, त्यांच्या लेकीचं लग्न. नवरदेव जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीचा. शेठना पत्रिका कशी दिसते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त एवढंच हवं होतं की जिल्ह्यात आधी कुणाकडं नसावी. त्यांनी विचारलं, "जाफराबाद तालुक्यात कोणी केलंय का हे?" मी नाही म्हटल्यावर त्यांचं निम्मं समाधान तिथंच झालं. काकांनी प्रूफ टेबलावर ठेवलं, मी कोपऱ्यातला क्यूआर कोड उघडून फोन धरला, आणि गणपती कागदातून उठून बसला, सोंड हलवली, हात उचलून आशीर्वाद दिला. शेठनी पायातल्या चपला काढल्या. मोबाईलपुढं. मला हसू आवरेना. काकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले.

मोठी ऑर्डर होती. कित्येक महिन्यांनी मशीन दिवसभर चालली. काका गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवायचे. चहावाला, झेरॉक्सवाला, कोर्टातले दोन वकील, सगळे येऊन गणपतीचा आशीर्वाद घेऊन गेले. काकांनी पुण्याला लेकाला फोन करून सांगितलं की मोबाईलवाल्याला म्हणावं दुसरीकडं गाळा बघ. या एका ऑर्डरवरच. मी त्यांना तेव्हाच थांबवायला हवं होतं, पण त्यांना एवढं खूश मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

पत्रिका शेठच्या घरी गेल्या, आणि चार दिवसांनी दुपारी शेठचा फोन आला. ते टेंभुर्णीला व्याह्यांच्या घरी बसले होते. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अहो, तुमचा गणपती उठून न्हाई राह्यला."

"उजेडात धरा शेठ. ट्यूबखाली नका धरू," काका म्हणाले.

"अंगणात घेऊन आलोय मी. पंचवीस माणसं गोळा झालेत. प्रत्येकाच्या मोबाईलवर नुसतं चक्र फिरून राह्यलंय. मला व्याह्यानं विचारलं, देव झोपलेत का म्हणून." मग मागून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं आणि शेठनी फोन ठेवला.

मी सगळं तपासलं. छापखान्यातली शिल्लक पत्रिका घेतली, फोन धरला, गणपती व्यवस्थित उठला. पुन्हा धरला, पुन्हा उठला. मग काकांनी शेठच्या दुकानातल्या माणसाकडून त्यांच्या घरातली एक पत्रिका मागवली. ती हातात आली आणि मी कपाळाला हात लावला.

आमच्याकडं पत्रिका कोरी देत नाहीत. पहिली देवापुढं जाते, आणि वाटायच्या आधी घरातल्या सवाष्णी मांडी घालून बसतात, मध्ये हळदीकुंकवाच्या वाट्या ठेवतात आणि एकेका पत्रिकेला बोट लावून पुढं सरकवतात. एरवी कोपऱ्यात टिकलीएवढं लावतात. पण हा गणपती साधा नव्हता, हा मोबाईलमध्ये उठून बसणारा जागृत गणपती. मग काय, सगळ्यांची भक्ती उतू गेली. ओली हळद कपाळाला, ओलं कुंकू मुकुटाला, एक बोट सोंडेला, एक पोटाला, आणि वर अक्षता. माझे पाच ताऱ्यांचे ठिपके, कोपरे, खडे, सगळं त्या लाल-पिवळ्या गाऱ्यात गुडूप. प्रत्येक पत्रिकेवर गारा वेगळा. फोनच काय, मला गणपती ओळखू येत नव्हता.

आणि हे आम्हाला कळू नये? काकांनी आयुष्यभर पत्रिका छापल्या, मी लहानपणापासून आईच्या शेजारी बसून बोटं रंगवली. फॉइलची चमक, मोरांची रांग, ट्यूबलाइट, सगळा विचार केला. स्वतःच्या घरातली वाटी डोळ्यांपुढं आली नाही. शेठना हसायचा मला काही अधिकार नव्हता. सर असते तर त्यांनी टेंभुर्णीच्या नेटवर्कला शिव्या घातल्या असत्या आणि मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला.

काका स्टुलावर बसले. बराच वेळ पत्रिका उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "कुंकू लावू नका असं तर न्हाई सांगता येत लोकांना." आणि थोड्या वेळानं, "पोराला फोन लावतो. गाळ्याचं बघ म्हणतो."

"उद्यापर्यंत थांबा," मी म्हटलं.

मला तेव्हा काही सुचलं नव्हतं, नुसतं थांबा म्हणाले. संध्याकाळी घरी ती बरबटलेली पत्रिका समोर ठेवून बसले. एक गोष्ट बरी होती. फोननं कागदावर कुठली खूण शोधायची ते पत्रिकेत छापलेलं नसतं, ते मी नेटवर ठेवलेल्या फाइलमध्ये असतं. फाइल बदलली की छापलेली पत्रिका तशीच राहते, फोन दुसरी जागा शोधायला लागतो. पण दुसरी जागा कुठली? वरचं सगळं हळदीकुंकवाखाली गेलेलं. खाली बघितलं तर नावांचा बाजार, अगदी कोरा करकरीत. तिकडं कुणीच बोट नेलं नव्हतं. देव समोर असताना माणसांच्या नावांना कुंकू कोण लावेल?

मी त्या नावांचा तुकडा कापून सॉफ्टवेअरमध्ये घातला. पाच तारे. काळी बारीक अक्षरं, पांढरी जागा, प्रत्येक ओळ वेगळी, एकही आकार दोनदा तसाच नाही. ज्याला मी जन्मभर नाक मुरडलं, ज्याच्याविरुद्ध पहिल्या वर्षी निबंध लिहून बक्षीस घेतलं, ती भावकीची गिचमिड माझ्या गणपतीपेक्षा सरस निघाली. मला त्याचा मुळीच आनंद झाला नाही. फाइल बदलली, पत्रिकेवर फोन धरला, आणि मामा-मावश्यांच्या गर्दीतून गणपती उठून बसला.

शेठना काकांनी फोनवर समजावलं की देव आता खालच्या अंगाला, माणसांत येऊन बसलेत, तिकडं फोन धरा. टेंभुर्णीच्या अंगणात परत माणसं जमली आणि या वेळी गणपती उठला. शेठची गेलेली इज्जत परत आली, थोडी जास्तच आली. पण आमच्या माणसांना सुख टोचतं. दोन दिवसांनी शेठच्या भावकीतून तक्रार आली की देवाचे पाय थोरल्या चुलत्यांच्या नावावर पडतात, आमच्या नावावर का नाही, आम्ही काय कमी राबलो? एक जण तर छापखान्यात येऊन मला म्हणाला, "ताई, जरा डावीकडं सरकवून द्या की." मी दिला सरकवून. मग उजवीकडच्यांचा फोन आला.

काका हातातलं काम टाकून हे सगळं चवीनं ऐकायचे. मशीन राहणार होती, त्यांना वाटत होतं.

मला वाटत नव्हतं, कारण मी लोक काय करतात ते बघत होते. पत्रिका हातात घेऊन फोन धरणारा एक असायचा. बाकीचे त्याच्या स्क्रीनचा व्हिडिओ काढायचे आणि पुढं ढकलायचे. ज्यांच्या घरी पत्रिका होती तेसुद्धा ती कपाटावर टाकून व्हिडिओच बघायचे. माझ्या स्वतःच्या मावशीनं मला तो व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलेलं, बघ लोक किती पुढं गेलेत, तू पण शिक असं काहीतरी.

तेवढ्यात कॉलेजात पुढचा भाग सुरू झाला. सरांनी सांगितलं की आता मार्कर, म्हणजे कागदावरची खूण, वगैरे जुनं झालं. आता फोन जमीन स्वतः ओळखतो, त्याला कुठलंही चित्र लागत नाही. वर्गानं परत माना हलवल्या. या वेळी मी नीट ऐकलं. घरी करून बघितलं, आणि एका सकाळी बस पकडायच्या आधी छापखान्यात जाऊन काकांना दाखवलं. आता कधीतरी ते त्यांना कळणारच होतं, तर माझ्याकडून कळावं.

छापखान्याची शहाबादी फरशी शाईच्या डागांनी भरलेली. फोनला असे डाग आवडतात. मी फोन फिरवला आणि मशीनसमोर, नुसत्या फरशीवर, गणपती उभा राहिला. चांगला गुडघ्याएवढा.

काका पुढं आले. "कागद कुठंय?"

"लागत नाही."

ते त्याच्याभोवती फिरले, पाय लागू नये म्हणून जपून. फोनमध्ये बघायचे, मग फरशीकडं बघायचे. "भारीच केलं की बाई," म्हणाले. मग मशीनकडं बघायला लागले. त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"हे बाहेर सांगायचं नाही काका," मी म्हटलं.

"बिलकुल न्हाई."

कॉलेजातून परत येताना मी पुन्हा छापखान्यात उतरले तेव्हा तिथं दोन माणसं बसलेली होती. धावड्याहून आले होते, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून. तो व्हिडिओ तिथपर्यंत गेलेला. एक वडील, धोतर-टोपी, आणि त्यांचा मुलगा, ज्याचं लग्न होतं तो, पॅन्टच्या खिशात दोन मोबाईल. वडिलांना पत्रिका हव्या होत्या, भावकी मोठी, गावंच्या गावं आमंत्रण द्यायचं. काका नमुने दाखवायला लागले होते. एवढी ऑर्डर आली असती तर दिवाळी निघाली असती.

मुलगा म्हणाला, "एवढा कागद कशाला बाबा? फोनवरच पाठवू. लोक आपापल्या घरी जमिनीवर गणपती उभा करतील." मग माझ्याकडं वळून, "होतं ना ताई? कागदाबिगर?"

काका नमुन्यांची चळत हातात घेऊन तसेच थांबले. माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी.

"नाही होत," मी म्हटलं. "फोनला कागद दिसावाच लागतो." आवाजही हलला नाही माझा. सरांनी एवढं तरी शिकवलं होतं.

वडिलांनी मान हलवली, त्यांचं काम झालं होतं. पण त्या पोराला कुठं राहवतंय. तो हसला. माझ्याकडं बघून नाही, वडिलांकडं बघून, आणि म्हणाला, "ह्यांना न्हाई येत असंल बाबा. पुण्याकडं पोरं सहज करून राह्यलेत. इथं कोण शिकवणार यांना?"

मला काही वाटलं नाही. असली पोरं मी रोज बघते. पण काकांनी नमुने खाली ठेवले.

"न्हाई येत?" ते म्हणाले. "कोणाला न्हाई येत? सकाळी इथं या फरशीवर उभा केल्ता तिनं. कागद न्हाई, काही न्हाई. एवढा मोठा." त्यांनी गुडघ्यापाशी हात धरून दाखवला.

"काका," मी म्हटलं.

"दाखव की माय. दाखव ह्याला."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस एक खोटं चार मिनिटं सांभाळू शकला नाही, आणि का, तर कुठल्यातरी टिनपाट पोरानं त्याच्या पुतणीला कमी लेखलं म्हणून. काका माझ्याकडं बघत होते, कान लाल झालेले, आणि तोंडावर ते सकाळचं हसू. मी फोन काढला, फरशीवर फिरवला. गणपती उभा राहिला. मुलगा दोन्ही मोबाईल बाहेर काढून व्हिडिओ घ्यायला लागला. वडिलांनी टोपी सारखी करून हात जोडले.

"बघा," काका म्हणाले.

मुलगा म्हणाला, "मंग झालं की बाबा. कागदाचं राहू द्या."

वडील जरा वेळ नमुन्यांकडं बघत बसले. मग संकोचून काकांना म्हणाले, "देवापुढं ठेवायला तेवढी एक छापून द्या दादा."

"एकीसाठी मशीन न्हाई लावत दादा," काका म्हणाले. "पुतणी कॉम्प्युटरवरून काढून देईल तुम्हाला."